नोकरदारांच्या विज्ञानकथा: अमेरिकी जगण्यावरचा उपहास

पानगळ (धागाकर्ता)

जॉर्ज सॉन्डर्स यांची 'एस्केप फ्रॉम स्पायडरहेड' ही कथा गेल्या महिन्यात मी तिसऱ्यांदा वाचली आणि आधीच्या दोन वाचनांत जो शब्द डोळ्यांखालून नुसता निघून गेला होता, त्याच्यापाशी या वेळी अडकलो. कथेत कैद्यांवर औषधांचे प्रयोग होतात. शरीरात बसवलेल्या एका पेटीतून औषध रक्तात सोडले जाते. एका औषधाने माणूस समोरच्या अनोळखी व्यक्तीच्या प्रेमात पडतो, दुसऱ्याने त्याची वाणी रसाळ होते आणि तिसऱ्याने त्याला जगणेच नकोसे होते. मात्र प्रत्येक वेळी औषध सोडण्यापूर्वी कैद्याने 'मान्य' असे स्वतःच्या तोंडाने म्हणणे आवश्यक असते, आणि तो तसे म्हणेपर्यंत प्रयोग करणारा अगदी सौजन्याने थांबतो. ती औषधे कोठेही अस्तित्वात नाहीत. पण न वाचता 'मान्य' म्हणण्याची क्रिया आज सकाळपासून मी चार वेळा केली आहे.

धागा काढण्याचे कारण असे, की अमेरिकी उपहासात्मक विज्ञानकथांविषयी आपल्याकडे बोलणे निघाले, की 'लेखकाने पन्नास वर्षे आधी हे कसे ओळखले' या कौतुकावर ते संपते. भाकिताचे कौतुक मला फारसे वाटत नाही, कारण शंभर भाकिते केली तर कुडमुड्या जोशाचीही दहा खरी ठरतात. मला या कथांत दुसरीच एक गोष्ट दिसते, ती अशी की त्यांतल्या चांगल्या कथा बहुतेक नोकरदारांनी लिहिल्या आहेत. कर्ट व्हॉनेगट १९४७ पासून काही वर्षे स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रसिद्धी विभागात काम करीत होते. फ्रेडरिक पोल यांनी पोटासाठी जाहिरातींचा मजकूर लिहिला होता. सॉन्डर्स भूभौतिकी शिकले, सुमात्रात तेलाचा शोध घेणाऱ्या पथकात राहिले आणि पुढे न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे एका पर्यावरण-अभियांत्रिकी कंपनीत तांत्रिक अहवाल लिहू लागले. १९९६ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या संग्रहातील कथांचा बराचसा भाग त्यांनी तेथेच, कचेरीच्या वेळात, साहेब येताना दिसला की पडद्यावर दुसरे पान आणत लिहिला. चार्ल्स यू वकिली करीत असत, तर नाना क्वामे अजेई-ब्रेन्या मॉलमधील कपड्यांच्या दुकानात विक्रेते होते.

याचा परिणाम कथेच्या पोतावर होतो. सॉन्डर्स यांच्या 'पेस्टोरालिया' या दीर्घकथेत एक पुरुष आणि एक स्त्री मनोरंजन उद्यानातल्या गुहेत आदिमानव म्हणून नोकरी करतात. त्यांनी इंग्रजी बोलायचे नसते. सकाळी भिंतीतल्या एका खाचेतून मारलेला बोकड येतो, तो सोलून, भाजून खायचा असतो. ज्या दिवशी बोकड येत नाही त्या दिवशी धंदा बसत चालला आहे हे दोघांनाही कळते, पण बोलून दाखवता येत नाही. येथवर ही कल्पना कोणालाही सुचली असती. परंतु त्या पुरुषाला रोज रात्री जोडीदाराच्या वागणुकीचा मूल्यमापन-अर्ज भरून फॅक्सने पाठवावा लागतो, आणि गुहेत साठलेला स्वतःचा मैला वाहून नेण्याची रक्कम दोघांच्या पगारातून कापली जाते. ती कपात सुचण्यासाठी दर महिन्याला पगाराची चिठ्ठी हातात घेऊन खालून वर वाचलेली असावी लागते. घरी मुलगा आजारी असल्यामुळे तो माणूस अर्जात जोडीदाराविषयी रोज खोटे, चांगले लिहितो, आणि त्याला ते किती दिवस परवडेल हाच कथेचा ताण आहे.

पोल यांची 'द टनेल अंडर द वर्ल्ड' ही कथा १९५५ सालच्या जानेवारीत 'गॅलेक्सी' मासिकात आली. तिच्यातला माणूस रोज सकाळी किंचाळत जागा होतो आणि रोज १५ जूनच असतो. त्याच्या गल्लीत ध्वनिक्षेपकावरून शीतपेट्यांची इतकी ओंगळ, अंगावर येणारी जाहिरात होते, की मला ती वाचताना कान झाकावेसे वाटले. शेवटी कळते ते असे, की हे सारे गाव एका टेबलावर मांडलेले असून जाहिरात कंपनी तेथे रोज नवा मजकूर पारखून पाहते आणि रात्री सर्वांची स्मृती पुसून टाकते. मेज, बाहुली-माणसे, स्मृतिलोप ही विज्ञानकथेची नेहमीची सामग्री. पण एकच घोषणा दहा तऱ्हांनी लिहून कोणती अधिक खपते ते पाहण्याचा उद्योग पोल यांनी पगारावर पाहिलेला होता.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की या कथांत यंत्र दुय्यम असते आणि यंत्राबरोबर येणारी पावती महत्त्वाची असते. जेथे लेखक पावती विसरतो तेथे उपहास पातळ होऊन त्याचे विलापात रूपांतर होते. रे ब्रॅडबरी यांच्याबाबत मला तसे वाटते, हे सांगून मी प्रक्षोभाला आमंत्रण देत आहे याची जाणीव आहे.

---

चकवा

लेख आवडला, पण व्हॉनेगट यांना आपण नोकरदारांच्या यादीत घालून मोकळे झालात आणि त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कथेबद्दल एक अक्षर लिहिले नाही. 'हॅरिसन बर्गेरॉन' ही कथा १९६१ सालची. तिच्यात २०८१ साल उजाडले आहे आणि राज्यघटनेला दोनशेहून अधिक दुरुस्त्या होऊन सर्व अमेरिकी नागरिक एकदाचे समान झाले आहेत. ज्यांना बुद्धी आहे त्यांच्या कानात सरकारी रेडिओ बसवला असून दर काही सेकंदांनी त्यातून कर्कश आवाज येतो, म्हणजे विचाराची साखळी तुटते. नर्तकींच्या अंगावर छऱ्यांच्या पिशव्या लटकवल्या आहेत आणि देखण्यांना मुखवटे घालावे लागतात. या कथेत कोणती पावती आहे?

शिवाय या कथेचे पुढे जे झाले ते तिच्याहून अधिक उपहासात्मक आहे. पायाच्या आजारामुळे चालणे अवघड झालेला व्यावसायिक गोल्फपटू केसी मार्टिन याने स्पर्धेत मैदानावर चालण्याऐवजी गाडी वापरण्याची परवानगी मागितली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला आणि न्यायमूर्ती स्कालिया यांनी आपल्या विरोधी मतात या कथेचा आधार घेतला. म्हणजे एका अपंग माणसाला गाडी मिळणे हे छऱ्यांच्या पिशव्यांसारखे ठरले! पुढे २००५ साली कॅन्सास राज्यातील शाळांच्या निधीवाटपाच्या खटल्यात, श्रीमंत वस्त्यांना स्वतःच्या शाळांवर जादा खर्च करू द्यावा असे म्हणणाऱ्या वकिलांनीही हीच कथा पुढे केली. तेव्हा हयात असलेल्या व्हॉनेगट यांनी एका स्थानिक वृत्तपत्राला सांगितले, की आपली कथा बुद्धी आणि प्रतिभा यांच्याविषयी आहे, आणि संपत्ती हा त्यांपैकी कशाचाही पुरावा नव्हे.

मला स्वतःला ही कथा समतेची थट्टा करणारी वाटत नाही; समतेच्या भीतीने अमेरिकी माणसाच्या डोक्यात जे चित्र उभे राहते, त्या चित्राची थट्टा ती करते. ज्याला आपण नायक समजतो तो चौदा वर्षांचा, सात फुटी मुलगा तुरुंगातून निसटल्यावर पहिली गोष्ट काय करतो, तर दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत घुसून स्वतःला सम्राट म्हणून घोषित करतो. हा नायक असेल तर पिशव्या बऱ्या.

---

दक्षिणवारा

ब्रॅडबरी यांच्या बाजूने मी उभा राहतो. 'द पेडेस्ट्रियन' ही १९५१ सालची कथा जेमतेम चार-पाच पानांची आहे. साल २०५३. संध्याकाळी सारे गाव दूरचित्रवाणीपुढे बसलेले असताना एकटा लेनर्ड मीड रस्त्यावरून फिरायला निघतो, आणि शहरात उरलेली एकमेव पोलीस-गाडी त्याला अडवून विचारते, की तुम्ही काय करीत आहात. तो म्हणतो, चालतो आहे. गाडीला ते उत्तर पुरेसे वाटत नाही. गाडीत माणूसच नसतो हे शेवटी कळते. ब्रॅडबरी यांना लॉस एंजेलिसमध्ये रात्री मित्राबरोबर चालत असताना पोलिसाने खरोखरच हटकले होते, त्यातून ही कथा आली. त्यांनी आयुष्यभर गाडी चालवली नाही, हेही लक्षात घ्यावे. नोकरदार नसले तरी ते पादचारी होते, आणि अमेरिकेच्या उपनगरात पादचारी असणे ही नोकरीपेक्षा कठीण गोष्ट आहे.

मी डॅलसच्या बाहेर राहतो. आई-वडील पहिल्यांदा आले तेव्हा बाबा सवयीप्रमाणे पहाटे साडेपाचला मफलर गुंडाळून फिरायला निघाले. आमच्या भागात पदपथ आहे, पण तो एका ठिकाणी कोणतेही कारण नसताना संपतो आणि पुढे गवत सुरू होते. बाबा गवतावरून गेले. तिसऱ्या दिवशी पोलिसाची गाडी त्यांच्या शेजारून हळूहळू चालू लागली. अधिकारी सभ्य होता. तुम्हाला मदत हवी आहे का, एवढेच त्याने विचारले. बाबांनी त्याला हात जोडून नमस्कार केला आणि 'मॉर्निंग वॉक' असे म्हणाले, तेव्हा तो निघून गेला. घरी आल्यावर ते म्हणाले, 'अरे, इथे चालणाऱ्या माणसाला मदत लागते असं त्यांना वाटतं.'

सगळ्यांच्या वाट्याला असा सभ्य अधिकारी येत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातील मॅडिसन या गावात, नातवाला सांभाळण्यासाठी भारतातून आलेले एक आजोबा असेच फिरत होते. कोणीतरी संशयित माणूस म्हणून फोन केला, त्यांना इंग्रजी कळत नव्हते, आणि पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटल्यामुळे त्यांच्या मानेला गंभीर दुखापत झाली. मी 'द पेडेस्ट्रियन' त्यानंतर पुन्हा वाचली आहे, आणि तिला विलाप म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

---

पानगळ

दक्षिणवारा, विलाप हा शब्द मी मागे घेतो, निदान या कथेपुरता. मला अभिप्रेत असलेले ब्रॅडबरी वेगळे होते, पण ते येथे काढले तर पळवाट शोधल्यासारखे होईल.

चकवा, बर्गेरॉनमध्ये पावती नाही हे खरे, पण शिक्षेचे दरपत्रक मात्र आहे. पिशवीतला एक छरा काढला तरी दंड आणि तुरुंगवास किती, हे हॅरिसनचा बाप जॉर्ज आपल्या बायकोला तोंडपाठ सांगतो. संध्याकाळी दिवाणखान्यात बसून दंडाची रक्कम हिशेबासारखी सांगणारा तो नवरा मला हॅरिसनपेक्षा अधिक लक्षात राहिला.

---

उंबरठा

मी न्यू जर्सीत राहते आणि मला 'द सेम्प्लिका गर्ल डायरीज' या कथेविषयी लिहायचे आहे, कारण ती माझ्या गल्लीत घडते. ती २०१२ साली 'न्यू यॉर्कर'मध्ये आली. चाळिशीला आलेला एक बाप रोजनिशी लिहितो. त्याच्या जुन्या गाडीचा बंपर मुलांच्या शाळेसमोरच गळून पडतो, क्रेडिट कार्डांची मर्यादा संपलेली असते, आणि मुलीच्या श्रीमंत मैत्रिणीच्या घरी जाऊन आल्यापासून आपली मुलगी खट्टू आहे एवढेच त्याला दिसत असते. त्याला लॉटरीत दहा हजार डॉलर लागतात. तो कर्ज फेडत नाही; मुलीच्या वाढदिवसासाठी अंगण सजवून घेतो. ती सजावट म्हणजे सोमालिया, लाओस, मोल्दोवा, फिलिपिन्स अशा देशांतून करार करून आणलेल्या चार तरुणी, पांढऱ्या पोशाखात, डोक्यातून आरपार ओवलेल्या एका तारेवर, हिरवळीपासून थोड्या उंचीवर टांगलेल्या.

ही कल्पना सॉन्डर्स यांना स्वप्नात दिसली आणि कथा पूर्ण व्हायला दशकाहून अधिक काळ लागला, असे त्यांनीच सांगितले आहे. वाचताना धक्का तारेचा बसत नाही. तो बाप चांगला माणूस आहे आणि त्या मुलींना दुखत नाही, त्या घरी पैसे पाठवतात, हे सारे तो धाकट्या मुलीला समजावून सांगतो, याचा धक्का बसतो. ती धाकटी इव्हा रात्री उठून त्यांना सोडवते, आणि मग बापाला कळते, की पळून गेलेल्या मालाची भरपाई करारानुसार ग्राहकाकडून वसूल होते. पानगळ यांची पावती ती हीच.

आमच्याकडे तारेवर कोणी टांगलेले नाही, परंतु हिरवळ किती इंच असावी याचा नियम आहे. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी गव्हाचा चीक काढून कुरडया घातल्या आणि गराजसमोरच्या उतारावर स्वच्छ चादर अंथरून उन्हात ठेवल्या. दोन दिवसांनी वसाहतीच्या मंडळाकडून पत्र आले. घरासमोर काहीही वाळत घालण्यास मनाई असल्याचे त्यात होते, पण ते सांगण्याआधी आमच्या सुंदर परिसरावरील आमच्या प्रेमाबद्दल दोन वाक्ये आभाराची होती. सासूबाईंनी मला पत्राचा अर्थ विचारला. मी म्हटले, दंड आहे. त्या म्हणाल्या, 'मग एवढं गोड का लिहिलंय?' अमेरिकेत कपडे वाळत घालण्याचा हक्क कायद्याने देणारी राज्ये आहेत, फ्लोरिडा त्यांपैकी एक. कुरडयांविषयी कायदा काय म्हणतो याचा शोध मी घेतलेला नाही.

---

मध्यमा

'द मायडस प्लेग' या पोल यांच्याच १९५४ सालच्या कथेचा उल्लेख राहिला. यंत्रमानव इतके उत्पादन करतात, की गरिबांवर वस्तू वापरून संपवण्याची सक्ती असते आणि श्रीमंतांना लहान घरात साधेपणाने राहण्याची चैन परवडते. बिचारा नायक रेशनकार्डाप्रमाणे खाऊन, नेसून, खेळून थकतो आणि शेवटी वस्तू झिजवण्याचे कामही यंत्रमानवांनाच लावतो. कथा लांबली आहे, तिसऱ्या भागात तर पुष्कळच. पण घरात न मावणाऱ्या वस्तू ठेवायला दरमहा भाडे भरून गोदामातला खण घेणारे माझे अमेरिकी शेजारी पाहिले की ती आठवते. एका खणात, मालकाच्याच सांगण्याप्रमाणे, व्यायामाची तीन यंत्रे आहेत.

---

रातपाळी

मी सहा वर्षे पुण्यात अमेरिकेतील रुग्णालयांच्या बिलांचे काम केले. संध्याकाळी साडेसहाला कॅब यायची आणि पहाटे चारला सोडायची. माझे पद एआर कॉलर, म्हणजे विमा कंपनीने नाकारलेला क्लेम का नाकारला हे फोनवर विचारून पुन्हा दाखल करणारा. त्यामुळे चार्ल्स यू यांची 'स्टँडर्ड लोनलीनेस पॅकेज' ही २०१० सालची कथा कोणी काढते का याची वाट पाहत होतो.

त्या कथेत भारतातील एका कॉल सेंटरमध्ये बसलेले लोक तासाच्या दराने परक्यांच्या वेदना सोसतात. ग्राहकाला दात काढायचा असेल, अंत्यविधीला उभे राहायचे असेल, घटस्फोटाच्या बैठकीला जायचे असेल, तर तेवढ्या वेळेपुरती ती भावना तंत्रज्ञानाने कर्मचाऱ्याकडे वळवली जाते. निवेदक एका दिवसात कितीतरी अंत्ययात्रा करून घरी जातो. पहिल्याच ओळीत दराचा उल्लेख आहे, त्यामुळे पानगळ यांचा सिद्धांत येथे शंभर टक्के लागू पडतो.

परंतु मला एक तक्रार नोंदवायची आहे. त्या कथेतील कर्मचाऱ्याला परक्याचे दुःख पुरेपूर जाणवते, हीच तिची कल्पना आहे. आम्हाला काहीच जाणवत नसे, आणि भयंकर गोष्ट ती होती. एकदा एका बाईचे बाळंतपणाचे बिल माझ्याकडे आले. रुग्णालय विम्याच्या यादीत होते, डॉक्टर यादीत होते, पण त्या रात्री भूल देणारा जो डॉक्टर कामावर होता तो यादीत नव्हता, म्हणून त्याची संपूर्ण रक्कम बाईच्या नावावर पडली होती. अशा बिलांविरुद्ध संघीय कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. ही गोष्ट त्याच्या आधीची आहे. विमा कंपनीच्या फोनवर मी सत्तेचाळीस मिनिटे संगीत ऐकत होतो आणि त्या काळात डबा खाऊन घेतला. त्या दिवशी भेंडी होती, हे मला आठवते. बाईचे नाव आठवत नाही. यू यांनी ही भेंडी लिहायला हवी होती, असे मला प्रामाणिकपणे वाटते. कथा उत्तम आहे, पण तिला रात्रपाळीचा वास नाही.

आता थोडे कोडविषयी, कारण येथे विज्ञानकथा लेखकाने हात टेकावेत अशी परिस्थिती आहे. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेत निदानाचे जे नवे कोड आले, त्यांत बदकाने धडक दिल्याचा स्वतंत्र कोड आहे, डब्ल्यू ६१.६२. विमानाच्या इंजिनात खेचले जाण्याचा कोड आहे, आणि त्यातही रुग्ण पहिल्यांदा आला आहे की पुढच्या तपासणीसाठी, हे शेवटच्या अक्षराने दाखवायचे असते. झेड ६३.१ हा कोड सासरच्या मंडळींशी असलेल्या संबंधांतील समस्यांचा आहे. प्रशिक्षणाच्या वेळी हा कोड आल्यावर तीस जणांच्या वर्गात जे हसू फुटले, ते शिकवणाऱ्या गृहस्थांना शेवटपर्यंत आवरता आले नाही.

---

उंबरठा

झेड ६३.१ लिहून ठेवला आहे. सासूबाईंना दाखवणार नाही.

---

चकवा

रातपाळी यांच्या भेंडीवरून अजेई-ब्रेन्या यांची 'फ्रायडे ब्लॅक' आठवली. संग्रह २०१८ सालचा. लेखक सिरॅक्यूज विद्यापीठात सॉन्डर्स यांचे विद्यार्थी होते. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सवलतीच्या दिवशी मॉलमध्ये शिरलेले ग्राहक माणसांची भाषा विसरलेले असतात. ते गुरगुरतात, चावतात, एकमेकांना तुडवतात, आणि मेलेल्यांना बाजूला सारून विक्री चालू राहते. निवेदक विक्रेत्याला पूर्वी एकदा एका ग्राहकाने चावले आहे, त्यामुळे त्याला ती गुरगुर समजते आणि कोणाला कोणत्या मापाचे जाकीट हवे ते तो अचूक काढून देतो. जास्तीत जास्त विक्री केल्यास बक्षीस म्हणून एक जाकीट मिळणार असते, आणि ते त्याला आईसाठी हवे असते.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर २००८ साली लाँग आयलंडवरील एका मोठ्या दुकानात त्याच दिवशी पहाटे दार उघडताच आत घुसलेल्या गर्दीखाली एक कर्मचारी चिरडून मेला होता, हे ध्यानात घ्यावे. कथेत लेखकाने भर घातली ती फक्त कौशल्याची. गुरगुर समजणे ही त्या विक्रेत्याची बढतीस पात्र ठरवणारी गुणवत्ता आहे.

---

शाईपेन

मी भाषांतर करतो, आणि सेम्प्लिकाची पहिली चार पाने मराठीत आणण्याचा स्वतःपुरता प्रयत्न दोन वर्षांपूर्वी करून सोडून दिला आहे. कोठे अडलो ते सांगतो, कारण त्याचा या चर्चेशी संबंध आहे.

पहिली अडचण रोजनिशीच्या भाषेची. तो बाप कर्ता गाळून, घाईघाईत लिहितो, आणि इंग्रजीत कर्ता गाळला की वाक्य लंगडते, दमलेल्या माणसाचे वाटते. मराठीत 'बाजारात गेलो, थकून आलो' हे अगदी धडधाकट वाक्य आहे, कारण क्रियापदातच माणूस बसलेला असतो. म्हणून मी क्रियापदे गाळून पाहिली, तर ती पोस्टाची तार झाली.

दुसरी अडचण अक्षरांची. सॉन्डर्स कंपनीची पदे, उत्पादने, अर्जांची नावे मोठ्या अक्षराने सुरू करतात आणि तेवढ्यानेच ती हास्यास्पद होतात. देवनागरीत मोठे अक्षर नाही. अवतरणचिन्हे घातली तर लेखक डोळा मारतो आहे असे दिसते, आणि सॉन्डर्स कधीही डोळा मारत नाहीत.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. कचेरीची निर्जीव भाषा म्हणून आपल्याकडे शासकीय मराठी तयार आहे: उपरोक्त विषयास अनुसरून, कळविण्यात येते की, याची नोंद घ्यावी. मी ती वापरून पाहिली आणि बाप पोलादपूरच्या तहसील कार्यालयात कामाला असल्यासारखा वाटू लागला. आपली शासकीय भाषा हसत नाही. ती दम देते किंवा झोप आणते. अमेरिकी कंपनीची भाषा हसऱ्या चेहऱ्याने गळा दाबते, आणि त्या हसण्याचे मराठी माझ्यापाशी नव्हते.

---

रातपाळी

बँकेला फोन लावून पाहा. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा.' हे मराठी गेल्या वीस वर्षांत तयार झाले आहे, ऐकताना राग येतो म्हणून आपण ते भाषा समजत नाही इतकेच. नोकरभरतीच्या जाहिरातींतही ते आहे: आमच्या कुटुंबात सामील व्हा. ज्या कुटुंबातून तीन महिन्यांच्या नोटिशीवर काढता येते, असे.

---

पानगळ

शाईपेन, मोठ्या अक्षरांचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. हसऱ्या मराठीचा नमुना हवा असेल तर उंबरठा यांच्याकडे आलेले पत्र का मागू नये? सासूबाईंना त्यांनी केवळ 'दंड आहे' एवढे सांगितले, पण मूळ पत्र मराठीत कसे उतरेल हे पाहण्याची मला उत्सुकता आहे. मंडळाचे नाव अर्थातच नको.

---

उंबरठा

पत्र अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे. शक्य तितके जवळ जाऊन देते:

'प्रिय शेजारी, आपल्या सुंदर वसाहतीचे सौंदर्य आपल्यासारख्या जागरूक कुटुंबांमुळेच टिकून आहे आणि त्याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत! नुकत्याच झालेल्या फेरीत आपल्या घरासमोर खाद्यपदार्थसदृश वस्तू दिसून आल्याचे आमच्या एका मित्राने आनंदाने कळवले. सात दिवसांत त्या हलवल्यास कोणतीही रक्कम आकारली जाणार नाही, ही चांगली बातमी आपल्याला देताना आम्हाला हर्ष होत आहे.'

'आनंदाने' हा शब्द मूळचाच आहे. मी पदरचा घातलेला नाही.

---

शाईपेन

'खाद्यपदार्थसदृश वस्तू' आणि 'ही चांगली बातमी' हे दोन्ही मी उचलतो. पाने पुन्हा काढली आहेत. एक विचारतो: पत्राखाली सही कोणाची होती? कथेत करारपत्राच्या शेवटी मला काहीतरी लागणार आहे.

---

उंबरठा

सही नव्हती. हसणाऱ्या सूर्याचे चित्र होते. कुरडयांचे म्हणाल, तर सासूबाईंनी त्या गाडीच्या मागच्या सीटवर पसरल्या, काचा वर केल्या आणि गाडी दोन दिवस उन्हात उभी ठेवली. खडखडीत वाळल्या.